बारा बोल्ट आणि पिवळी रेघ

आमच्या दादाला लोक कानसेन म्हणतात. तानसेन होता येत नसेल तर निदान कानसेन व्हावं, असं कुणीतरी गमतीनं म्हटलं आणि ते नाव त्याला चिकटलं. गाण्यातलं त्याला ओ की ठो कळत नाही. पण जुनी गाडी फाटकातून आत येईस्तोवर तिचं काय दुखतंय याचा त्याला अंदाज आलेला असतो, आणि मालक तोंड उघडायला लागला की हा हात वर करून त्याला गप्प करतो. मालकाचं ऐकायचं नाही, हा त्याचा पहिला नियम. मालक नेहमी शेजाऱ्यानं सांगितलेलं सांगतो.

दुसरा नियम असा की गाडी मालकानंच चालवायची आणि दादानं मागच्या सीटवर डोळे मिटून बसायचं. नवी गिऱ्हाइकं बिचकतात, त्यांना वाटतं म्हातारा झोपला. पण ज्याची गाडी असते तो तिचा आवाज चुकवत चालवायला नकळत शिकलेला असतो. तो कुठं पाय उचलतो, कुठलं वळण जरा मोठं घेतो, यावरून दादाला अर्धी गोष्ट कळते. आणि एका वेळी एकच वस्तू बदलायची. "दोन बदलल्या तर चोर कोण होता ते कळत नाही," असं म्हणून तो माणसांना चार-चार हेलपाटे घालायला लावतो. माणसं शिव्या देत जातात आणि पुढच्या वेळी पुन्हा त्याच्याकडेच येतात.

मी त्याची धाकटी बहीण. गॅरेजला लागून माझं सुट्या भागांचं दुकान आहे आणि मधल्या भिंतीत एक खिडकी आहे. तिच्यातून त्याला बेअरिंग, बुश, नटबोल्ट द्यायचे आणि तिच्यातूनच भांडायचं, असं आमचं सव्वीस वर्षं चाललंय. लग्न मी केलं नाही. एक कानसेन पुरे झाला.

त्याची अजून एक सवय सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळं झालं. जुन्या जीपगाड्या लोखंडी पाट्यांवर झुलतात आणि त्या पाट्यांच्या टोकांना रबरी बुश असतात. ते बदलायचे तर गाडी वर उचलावी लागते, चाकं खाली लोंबकळतात. तिथंच बोल्ट कच्चून आवळले तर काम पटकन उरकतं, पण ते चूक. गाडी खाली आली, वजन पाट्यांवर बसलं, की आत घट्ट धरलेलं रबर पिळवटतं, दर खड्ड्याला कुईं करतं आणि वर्षाच्या आत फाटतं. म्हणून वर असताना बोल्ट नुसते हातानं अडकवायचे, गाडी खाली घ्यायची, चाकं जमिनीला टेकली की मग गाडीखाली आडवं होऊन आवळायचे. आवळून झालं की दादा प्रत्येक बोल्टावर पिवळ्या रंगाची बारीक रेघ ओढतो. रेघ आहे म्हणजे बोल्ट जमिनीवर आवळलाय. एका मिस्त्रीनं एकदा हवेत आवळले आणि वर रेघाही ओढल्या, तर दादानं त्याला त्याच दिवशी कामावरून काढलं. आवळले ते एक वेळ त्यानं पोटात घातलं असतं, रेघा ओढल्या ते नाही.

तो पिवळा रंग वहिनीचा. वहिनी जमिनीच्या मोजणीचं काम करायची, हद्दीच्या दगडांवर खुणा करायला तिला तो रंग मिळायचा. त्यातली एक डबी तिनं दादाला दिली होती आणि वर ऐकवलं होतं, "सरकारी रंग आहे, जपून वापर, नाहीतर तुझ्या गॅरेजची हद्द मीच येऊन मोजेन."

चौदा महिन्यांपूर्वी वहिनी गेली. ताप आला, दवाखान्यात नेली, एकोणिसाव्या दिवशी संपलं. चौथ्या दिवशी सकाळी आठ वाजता दादानं शटर वर केलं आणि एका ट्रकचा क्लच उतरवायला घेतला. लोक म्हणाले, दगड आहे माणूस. मीही म्हणाले, खोटं कशाला बोलू. मला त्याचा इतका राग आला की मी आठ दिवस खिडकी बंद ठेवली. काही हवं असेल तर रस्त्यावरून वळसा घालून ये, म्हटलं. तो मुकाट्यानं वळसा घालून यायचा.

मग एका दुपारी त्यानं तापलेल्या सायलेन्सरवर मनगट टेकवलं आणि तसाच गिऱ्हाइकाशी बोलत राहिला. मला खिडकीतून वास आला. "दादा, हात!" मी किंचाळले. त्यानं हात उचलला, बघितला आणि दुसऱ्या कुणाचा असावा तसा पँटला पुसला. त्या दिवशी माझा राग गेला आणि भीती बसली. पुढं ते रोजचंच झालं. बोटं सोलवटली की मी सांगायची, रक्त आलं की मी सांगायची. चहात साखर घालायची राहिली तर तो तसाच प्यायचा आणि कप धुऊन ठेवायचा. आवाज मात्र त्याला सगळे पहिल्यासारखेच ऐकू यायचे. कान शाबूत होते, बाकीचा माणूस कुठं गेला होता कुणास ठाऊक.

वहिनीची जीप गॅरेजच्या मागच्या भिंतीशी ताडपत्रीखाली उभी होती. निळी, सत्तावीस वर्षांची. भंगारात निघालेली ती गाडी दादानं आणली होती आणि वहिनीला दगडधोंड्यांच्या वाटांवर जाता यावं म्हणून चार इंच उंच करून दिली होती. वहिनी बुटकी. उंच केल्यावर तिला चढता येईना, तेव्हा त्यानं दाराखाली एक पायरी वेल्डिंग करून लावली आणि सगळ्या गल्लीत सांगितलं की गाडी वाढली, बायको तेवढीच राहिली. वहिनी गेल्यावर त्या ताडपत्रीला कुणी हात लावला नव्हता.

हात लावला तो बारकीनं. बारकी म्हणजे त्यांची मुलगी. आता पंचवीस वर्षांची, बापापेक्षा दोन बोटं उंच, तरी बारकीच. तिनंही आईचाच पेशा धरला होता. तीन वर्षं परीक्षा देऊन शेवटी तिला नेमणुकीचं पत्र आलं. डोंगरापलीकडच्या पठारावर काम होतं. खडकाळ रस्त्यावर चालणारं स्वतःचं वाहन घेऊन एक तारखेला हजर व्हावं, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला जाईल, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. एक तारखेला बारा दिवस होते आणि तसली गाडी आमच्याकडे एकच होती.

"बाबा, आईची गाडी मी नेऊ?" तिनं विचारलं.

दादा पाना पुसत होता. "आवाज करते ती."

"मग घालव तो आवाज."

"बघावं लागेल," तो म्हणाला. आवाज करणारी गाडी त्यानं आजवर कुणालाच फाटकाबाहेर दिलेली नाही, हे तिलाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी आम्ही तिघं निघायला लागलो. बारकी चालवायची, दादा मागं डोळे मिटून, आणि मी पुढं, कारण माझं दुकान सहाला बंद होतं आणि मला नाक खुपसायची सवय आहे. गॅरेजपासून पाण्याच्या टाकीपर्यंत जायचं, तिथला दगडी रस्ता दोनदा पालथा घालायचा आणि परत यायचं.

पहिला चोर सोपा होता. गाडी सुटताना आणि मागं घेताना खालून टण् असा आवाज यायचा. दादा खाली शिरला, इंजिनाची फिरकी चाकांकडे नेणारा शाफ्ट दोन्ही हातांनी धरून त्यानं उलटसुलट हिसकला. टोकाचा सांधा झिजून ढिला झाला होता. नवा मी खिडकीतून दिला. मग चाळिसाच्या पुढं घूंऽऽ ऐकू यायला लागलं. ते आधीही असणारच, पण टण् गेल्याशिवाय ते वेगळं कळलं नसतं. उजवीकडं वळलं की वाढायचं, डावीकडं वळलं की विरायचं.

"पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग," बारकी स्टिअरिंगवरूनच म्हणाली. उजवीकडं वळताना भार डाव्या चाकावर जातो, हे ती बापाकडूनच शिकली होती.

"हं," मागून आवाज आला. एरवी पोरीनं असं बरोबर ओळखलं असतं तर तो दिवसभर मिशीतल्या मिशीत हसला असता. आता नुसतं हं.

तिसऱ्या दुखण्याला आवाजच नव्हता, नुसती थरथर. पंचावन्नला आरसा हलायला लागायचा, पासष्टला थांबायचा. गाडी उंच केली की शाफ्ट तिरका होतो आणि थरथरतो. त्यासाठी दादानं तेव्हाच मागच्या पाट्यांखाली लोखंडी पाचरी घालून कोन जुळवला होता. त्यातली एक चिरली होती, ती त्यानं नवी घडवली. घासताना त्याच्या तळहाताला दोन फोड आले आणि ते मी सांगितले. आठ दिवस झाले होते. गाडी लोण्यासारखी पळायला लागली होती आणि बारकीनं सामान बांधायला घेतलं होतं.

तेव्हा चौथा आवाज उरला. खड्ड्यात चाक गेलं की कुईं.

"पाट्यांचे बुश," दादा म्हणाला. मी सेट दिला, त्यानं घातला. संध्याकाळी गेलो. कुईं. आधीच्यापेक्षा जास्तच. दादानं दुसऱ्या दिवशी दुसरा सेट मागितला. तो घातला. कुईं.

"रबर बरोबर नाही," तो खिडकीत येऊन म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. "सव्वीस वर्षं विकतेय, आजच माझं रबर नासलं का? नाचता येईना अंगण वाकडं! नीट घाल आधी."

"तिसरा दे," तो म्हणाला. भांडलासुद्धा नाही. मी दिला. एक तारखेला दोन दिवस उरले होते.

तिसरा सेट घालून, गाडी खाली घेऊन तो जेवायला घरी गेला. माझ्या मनात पाल चुकचुकली होती. बुश म्हणजे काही भाजी नाही रोज ताजी आणायला. बॅटरी घेऊन मी जीपखाली शिरले. उंच गाडी, त्यामुळं माझ्यासारखीलाही शिरता येतं. बारा बोल्ट होते, बाराही कच्चून आवळलेले. एकावरही पिवळी रेघ नव्हती. आतल्या रबराच्या कडा एका बाजूला पिळवटून फुगल्या होत्या. मी तिथंच थोडा वेळ पडून राहिले.

तो जेवून आला तेव्हा मी खिडकीत उभी होते. "दादा, बोल्ट हवेत आवळलेस?"

"हो."

"चुकून?"

तो हात धूत होता, धूत राहिला. "पहिल्यांदा चुकून," तो म्हणाला. चाळीस वर्षांत ही त्याच्या तोंडून मी ऐकलेली पहिली चूक. "हात चालत होते, माझं लक्ष नव्हतं. संध्याकाळी आवाज आला तेव्हा कळलं."

"आणि दुसऱ्यांदा? तिसऱ्यांदा?"

"आवाज आहे तोवर ती जाणार नाही."

"अरे, तिची नोकरी जाईल! तीन वर्षं डोळे फोडलेत पोरीनं."

"माहितेय." त्यानं नळ बंद केला. "ही गेल्यापासून मला काही वाटत नाही गं. तू म्हणतेस हात भाजला, मी बघतो, भाजलेला असतो. पोरगी निघाली तर वाईट वाटायला पाहिजे, ते पण वाटत नाही. नुसतं कळतं की ती गेली की घरात कुणी नाही. म्हणून आवळले." तो एवढं एकदम बोलला आणि टॉवेल शोधायला गेला. टॉवेल त्याच्या खांद्यावर होता.

मी बारकीला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. खरं सांगते, माझ्याही मनात आलं की राहू दे पोरीला इथंच, मिळेल दुसरी नोकरी, हा माणूस एकटा पडला तर एखाद्या दिवशी स्वतःला पुरता भाजून घेईल आणि तेही कुणीतरी त्याला सांगावं लागेल. असं मनात आल्याची मला लाज वाटली. तरीही गप्प बसले.

त्या संध्याकाळी पुन्हा निघालो. टाकीजवळच्या पहिल्याच खड्ड्यात कुईं झालं. मी पाठीमागं बघितलं नाही. बारकीनं गाडी टाकीखालच्या सपाट काँक्रीटवर नेली, थांबवली, हँडब्रेक ओढला.

"बाबा, पाय वर घे. पाने तुझ्या पायाखाली आहेत."

आम्ही उतरलो. तिनं चाकांना दगड लावले, एक पोतं अंथरलं आणि गाडीखाली सरकली. तिचे फक्त बूट दिसत होते. पहिला बोल्ट सैल झाला तसं आत अडकलेलं रबर कट् करून जागेवर आलं. मग दुसरं. दादा गाडीशेजारी डोळे मिटून उभा होता आणि त्याचे ओठ हलत होते. तो मोजत होता. बारा झाले तेव्हा त्यानं डोळे उघडले. मग तिनं त्याच क्रमानं ते पुन्हा आवळले. गाडी आपल्या चारही पायांवर उभी होती, वजन जिथं पडायचं तिथं पडलेलं होतं.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या कपाळावर ग्रीस होतं. "तुला कधीपासून माहीत होतं?" मी विचारलं.

"पहिल्या सेटपासून. आत्या, लहानपणी त्या रेघा कोण ओढायचं? हा बोल्ट तपासायचा आणि माझा हात बारीक म्हणून रंग लावायला मलाच खाली पाठवायचा. गाडीखाली शिरल्यावर मी आधी काय बघणार?"

"मग बोलली का नाहीस? दोनच दिवस राहिलेत!"

"म्हटलं बाबा करेल स्वतः." ती पाना पुसत होती, बापासारखाच, टोकापासून मुठीकडं. "आणि रोज संध्याकाळी बाहेर पडत होतो ना आपण. आई गेल्यापासून हा माझ्याबरोबर दुसरीकडं कुठं आला होता?"

तिनं पानेपेटीतून पिवळ्या रंगाची डबी काढली, झाकण दगडावर आपटून सैल केलं आणि ब्रश त्याच्यापुढं धरला.

"तू आवळलेस, तूच ओढ," तो म्हणाला.

"मी आवळलेत. बरोबर आवळलेत का ते बघणार कोण? रेघ तुझी असते."

तो ब्रश आणि पाना घेऊन गाडीखाली गेला. एकेक बोल्ट तपासायचा, मग रेघ. फार वेळ लावला. रंग डबीत तळाला थोडाच उरला होता, तो खरवडल्याचा आवाज मला ऐकू येत होता. एकदा पाना घसरला आणि त्याचा हात पाट्यावर आपटला. बाहेर आला तेव्हा दोन बोटांच्या पेरांवरची सालं निघाली होती. "दादा, रक्त," मी म्हटलं. त्यानं ते नेहमीसारखं पँटला पुसलं. परत येताना बारकीनं मुद्दाम सगळे खड्डे घेतले. माझी हाडं खिळखिळी झाली, गाडी हूं की चूं करेना.

ती दुसऱ्याच दिवशी सकाळी निघाली, रस्ता लांबचा होता म्हणून. पायरीवर पाय ठेवून तिनं मला मिठी मारली, मग त्याला. तो हात बाजूला सोडून उभा राहिला, पण मागं सरकला नाही. "आवाज आला तर?" तिनं काच खाली करून विचारलं.

"फोनवर ऐकव," तो म्हणाला. "चालू गाडीत नाही. थांबून."

जीप फाटकातून गेली. दादा डोळे मिटून उभा राहिला. "दुसरा गिअर टाकला," तो म्हणाला. थोड्या वेळानं, "तिसरा." मग बराच वेळ काही नाही. मलाही काही ऐकू येत नव्हतं.

"काहीच आवाज नाही," तो म्हणाला.

"मग चांगलंच की रे."

"हो," म्हणाला आणि आत गेला. मी दुकान उघडलं, बाकडं पुसलं, खिडकी उघडली. तो मोरीशी उभा राहून हाताला साबणाची पूड आणि रॉकेल चोळत होता, ग्रीस काढायला चोळतो तसं, कोपरापर्यंत. हाताला ग्रीस नव्हतंच. चोळता चोळता तो एकदम थांबला.

"आई गं!" तो ओरडला. "अगं, केवढं झोंबतंय हे!"

तो कालची ती दोन बोटं डोळ्यांसमोर धरून बघत होता आणि त्याचं तोंड वेडंवाकडं झालं होतं. चौदा महिन्यांत पहिल्यांदा मी सांगितलं नव्हतं. मी मलमाची ट्यूब शोधायला मागच्या फळीकडं गेले. ट्यूब समोरच होती, पण मला डोळ्यांपुढचं काही दिसेना, मी फळीला धरून उभी राहिले आणि हमसून हमसून रडले. पलीकडं तो फुंकर घालत होता, मध्येच हुंदका देत होता, आणि मग खिडकीवर मूठ आपटून माझ्यावरच डाफरला, "आणतेस का आता? जळतंय इथं!"